वरचा एक

एल आल्तोच्या शाळेत, चार हजार मीटरवर,
हात चोळल्याशिवाय माऊस हलत नाही.
बारा कॉम्प्युटर, त्यातले नऊ चालू,
आणि नवव्यासमोर नेइदा चोकेवांका,
वय वर्षं दहा,
बोटांची टोकं कापलेले लोकरी हातमोजे.

खेळ मी केलेला.
पडद्यावर बाजार: निळी ताडपत्री, तराजू, टोपलीत बटाटे.
गिऱ्हाईक येतं, मागतं, नोट पुढे करतं.
आपण तोलायचं, सुटे परत द्यायचे.
बरोबर आलं की घंटा,
चुकलं की भोंगा.
"रोजच्या व्यवहाराचं गणित", असं मी अर्जात लिहिलं होतं
आणि पैसे देणाऱ्यांना ते पटलंही होतं.

साडेतीन बोलिव्हियानो किलो. सात किलो. पन्नासाची नोट.
रेमिहिओ मास्तर खडू शोधेस्तोवर
तिने म्हातारीच्या हातावर साडेपंचवीस ठेवलेही.
औटकी तिला कुणी पाठ करून घेतली नव्हती.
गुरुवारी आणि रविवारी आईशेजारी बसून
ती अंगात मुरली होती, इथल्या थंडीसारखी.

मग तिने टोपलीतला एक बटाटा उचलला
आणि म्हातारीच्या पिशवीत वरून टाकला.

भोंगा.

पुढचं गिऱ्हाईक. हिशेब चोख.
वर एक बटाटा.
भोंगा.
त्याच्या पुढचं. वर दोन, कारण तो फार म्हातारा दिसत होता
(मी तोच चेहरा पांढरे केस लावून पुन्हा वापरला होता).
भोंगा, भोंगा.
सगळा वर्ग हसायला लागला. ती नाही.

"तुझं वजन चुकतंय," मी म्हणालो.
तिने माझ्याकडे पाहिलं, परगावच्या माणसाकडे पाहावं तसं.
मी खाली ला पासचा, केबलकारने अकरा मिनिटं.
"वजन बरोबर आहे. ही यापा आहे."

यापा. हिशेब मिटल्यावर हाताने वर घालायचं ते.
माझी आईसुद्धा मागायची, आवाज बारीक करून,
आणि मी तिच्यामागे लाजून उभा राहायचो.
खेळ लिहिताना दीड वर्षात
मला ती एकदाही आठवली नव्हती.

रात्री कोड उघडला. नवी ओळ घातली: यापा बरोबर.
बरोबरच्या पुढे काय घालायचं, ते सुचेना.
दुसऱ्या दिवशी तिलाच विचारलं, किती द्यायची?
"ते बघून."
काय बघून?
"सकाळचं पहिलं असेल तर जास्त.
फार घासाघीस केली तर कमी, पण द्यायचीच.
पाठीवर पोर असेल तर पोराची वेगळी.
दुपारनंतर बटाटे नरम पडतात, तेव्हा मोजायची नाही."
पोलिसाला?
"तो आपली आपण घेतो."

शेवटी मी मशीनवरच सोडलं: शून्य ते तीन,
येईल तो आकडा.
ती पाच मिनिटं खेळली आणि खुर्ची मागे सारली.
"हा कुणाला ओळखतच नाही," म्हणाली,
आणि पाणी प्यायला गेली.

अहवाल शुक्रवारी गेला.
विद्यार्थिनी क्रमांक नऊ.
सुटे पैसे: शंभर. वजन: शून्य.
सरासरी पन्नास. शेरा: मध्यम.
तो रकाना माझाच, शेराही मीच लिहिला.

रविवारी बाजारात गेलो. तिची आई, दोन्या फोर्तुनाता,
माझ्याकडे न बघता तोलत होती. नेइदा सुटे देत होती.
दोन किलो घेतले, घासाघीस केली नाही,
यापा मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार?
केबलकारमध्ये बसल्यावर पिशवी उघडली
तर सगळ्यांत वर एक, जांभळा, मुठीएवढा,
अजून माती लागलेला.

बाकीचे खाऊन संपले.
तो टेबलावर आहे, कीबोर्डच्या डाव्या हाताला.
परवापासून त्याला कोंब फुटायला लागलेत.